उताणा दगड

मित्रांनो, मी टेकडीच्या उतारावरचा एक जुना दगड आहे. माझी पाठ खडबडीत आणि पोटाला ओंजळीएवढी पोकळी. तीच माझी श्रीमंती. तिच्या ओलाव्यात भुईकोळी मुक्कामाला येत. ते जाळे विणत नाहीत. रात्री भुईवर धावून शिकार करतात, दिवसा रेशमाच्या पिशवीत निजतात. त्यांचे घराणे मोठे; त्यातल्या जाती सख्ख्या बहिणींसारख्या, चटकन ओळखू न येणाऱ्या. उजाडले की पोटाशी आठ पावलांची चाहूल लागे, आणि मी दगड असून मऊ होई.

एकदा कोळ्यांचा अभ्यास करणारी एक बाई आली. तिने मला उलटले. पोकळीत एक राखाडी मादी बसली होती.

"अगं, तू कोण गं? तुला तर अजून कुणीच पाहिलेलं नाही!"

बाईने तिला बाटलीत घेतले आणि आनंदाच्या भरात मला तसेच उताणे टाकून ती धावत सुटली.

पण एकट्या मादीवरून जाणकारांची खात्री पटेना. नर सापडल्याशिवाय ही जात वेगळी कशी मानायची? म्हणून बाई दरवर्षी नर शोधत येई. मला उचले, खाली पाही, उसासा टाके आणि अगदी जपून, होतो तसाच ठेवी. उताणाच! तो जपणारा हातच मला जास्त लागे. पोकळीत पाणी साचले. पाठ मातीत रुतली, खाली मुंगीलाही सरकायला जागा उरली नाही. रात्री भुईकोळी माझ्यावरून दार शोधत धावत आणि निघून जात. हाक कशी मारू? दगडाला कुठले तोंड?

एका वर्षी बाईबरोबर तिचा नवरा आला. तो शिंपी. दमून माझ्यावर टेकला आणि ताडकन उठला.

"अगं, हा दगड आहे की परात? विजार भिजली की माझी!"

"शिंप्याला विजारींची काय कमी?" बाई हसली. मग पोकळीकडे बघता बघता तिचे हसू मावळले. "अहो, ही पोकळी खाली होती. ती मादी इथंच बसली होती. मीच याला उलटा टाकला, आणि दरवर्षी उलटाच ठेवत आले."

"मग कर सुलटा. उसवलेलं शिवता येतं."

दोघांनी मला पालथे घातले. किती वर्षांनी पोटाला माती लागली!

पुढच्या वर्षी बाईने माझी कड हळूच उचलली. पोकळीत रेशमाची पिशवी होती. आत तशीच राखाडी, वयात न आलेली मादी, आणि तिला खेटून एक सडपातळ नर. बाईने बाटलीचे झाकण उघडले. बाटली नराजवळ नेली आणि मध्येच थांबवली.

"घे की!" नवरा कुजबुजला. "याच्यासाठीच तर वणवण केलीस."

"तिची शेवटची कात पडायची आहे अजून, मगच ती वयात येईल आणि जोडी जमेल. तोवर हा असाच उशाशी बसून राहतो."

"मग?"

"मग मीही बसते. इतकी वर्षं थांबले, त्यात आणखी थोडं."

तिने झाकण लावले आणि मला अलगद खाली टेकवले.

मित्रांनो, दगड खुशाल उचला, खाली डोकावून बघा. पण ठेवताना त्याचे पोट कुठे होते ते आठवा. त्या अंधारात कुणीतरी कुणाची तरी वाट पाहत असते.