शिंप्याच्या खुर्चीवर कोण

त्या बोळाच्या तोंडाशी शिंपीबुवा असे काही ठाण मांडून बसायचे, की पाखरंसुद्धा त्यांना बघून डावीकडे वळायची. देह हत्तीचा, पुढ्यात शिलाई मशीन. बोळाला पाटी लावायचं कुणाच्या मनातच आलं नाही. ‘जाडा शिंपी दिसला की आत वळा,’ हाच साऱ्यांचा पत्ता. त्यामुळे भर दुपारी बुवा छाती धरून घरात कोसळले, तेव्हा त्यांच्या बायकोनेही अँब्युलन्सला सवयीने तोच पत्ता सांगितला.

आता ती त्यांना मागून आधार देऊन बसतं धरून होती. आडवं केलं की श्वास अडकत होता. सायरन जवळ आला आणि सरळ पुढे निघून गेला.

“अहो ड्रायव्हरदादा, वळा ना!” ती फोनवर ओरडली.

“बाई, शिंपी कुठाय?”

“घरात पडलेत! त्यांच्यासाठीच तर बोलावलंय!”

“मग वळू कुठं? सगळे बोळ सारखेच!”

दीर धापा टाकत आत आला. “वहिनी, हात हलवून हलवून दमलो. चौकात सगळेच हलवतात, ज्याची त्याची दिशा वेगळी.”

“भाऊजी, यांच्या खुर्चीवर जाऊन बसा.”

“मला मशीन कुठे येतं?”

“शिवू नका हो, नुसते बसा!”

“मला जाडा कोण म्हणेल?” खरंच होतं. दीर सुईच्या नाकातून आरपार गेला असता.

“गिऱ्हाइकांचे कोट चढवा. सगळे!”

बुवांचे ओठ निळे पडू लागले. सायरन परत आला, पुन्हा लांब गेला. ती त्यांच्या कानाशी पुटपुटली, “खबरदार हं. इतक्यात नाही.”

तेवढ्यात ब्रेक किंचाळले. पाठोपाठ दिराचा टाहो: “सोडा मला! मी पेशंट नाही, मी खूण आहे!”

उन्हात कोटांवर कोट, घामाच्या धारा, वर धाप. त्या लोकांनी त्यालाच उचलून स्ट्रेचरला बांधला होता!

“खरे इकडे आहेत!” ती अशी ओरडली, की तीन गल्ल्यांतली कुत्री एकदम गप्प झाली.

मास्क चढला. ओठांवर हळूहळू रंग आला. “वेळेवर पोचलो,” मदतनीस म्हणाला, “पण धोका टळलेला नाही.”

गाडी हलली तसा पुन्हा खुर्चीवर टेकलेला दीर बटणं सोडायला लागला. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“उठू नका भाऊजी! आम्ही दोघांनी परत कसं यायचं?”

दिराने निमूट बटणं पुन्हा लावली.