मुठीचा डाव

"बास झालं. पाटाच्या लग्नात खेळ नसते राहत," असं म्हणून उत्तमरावांनी सतरंजी गुंडाळायला घेतली, आणि नवरदेव तिच्यावर बसूनच राहिला.

नवरदेव म्हणजे त्यांचा पुतण्या गणेश. चाळिशी उलटलेली, दुसरबीडच्या फाट्यावर कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याच्या हातात सुपारी होती. नवरीच्या मुठीतली सुपारी नवरदेवाने एका हाताने सोडवायची, मग त्याच्या मुठीतली तिने दोन्ही हातांनी. हा खेळ सगळ्या लग्नांत होतो. पण नवरी विधवा असली की ते पाटाचं लग्न, वाजंत्री नाही, हसणं-खिदळणं नाही. चार अक्षता टाकायच्या आणि पंगतीला बसायचं.

"काका, एकच डाव खेळू द्या ना."

"काऊन बे? खेळापायी अर्धी जिंदगी गेली तुही, आज तरी सोड!"

काका खोटं बोलत नव्हते. देवळाच्या ओट्यावर म्हाताऱ्यांना सारीपाटात रडकुंडीला आणणारं हे पोरगं वडिलांसोबत कापूस विकायला खामगावला गेलं की व्हिडिओ गेमच्या दुकानात गडप व्हायचं, आणि बाप बाजारभर शोधत फिरायचा. पुढे कॉम्प्युटर आला. गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर दुरुस्त झाला की आधी त्यावर गणेशच्या फौजा चालायच्या, मग तो मालकाला मिळायचा. लोकांच्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर त्याने स्वतःचे खेळ आखले होते, पेरणीपासून बाजारापर्यंतचे, फाशांचे, सोंगट्यांचे. मुलगी पाहून आला की मुलीकडचे फाट्यावर चौकशी करायचे आणि निरोप यायचा, पोरगा गेम खेळते. लग्नानंतर दारू सुटेल म्हणून दारुड्यालाही मुली देणारे लोक गेमला मात्र घाबरत. मग हा दुसऱ्यांच्या लग्नात जाऊन नवरदेवांना मूठ सोडवायला शिकवायचा. त्याचा नियम एकच होता. समोर कोणीही असो, मुद्दाम हरायचं नाही.

काकांनी आवाज खाली आणला. "वच्छलाबाईच्या समोर खेळतं? तिच्या लेकाची बायको हाय ते!"

साखरखेर्ड्याच्या वच्छलाबाई म्हणजे नवरीची, पुष्पांजलीची, आधीची सासू. मुलगा शिवम अपघातात गेला, सुनेला माहेर उरलं नव्हतं, म्हणून हे लग्न त्यांनीच जमवलं होतं. मांडवाच्या खांबाला टेकून त्या बसल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या.

पुष्पांजलीला कुणी अर्ध्या लग्नाची म्हणू नये एवढंच गणेशच्या मनात होतं. या बाईचा विचार त्याला शिवलाच नव्हता. आता त्या उठून गेल्या तर? पुष्पांजली जन्मात माफ करणार नाही. तो सुपारी खिशात टाकणार तेवढ्यात पुष्पांजलीने ती त्याच्या हातातून घेतली आणि मूठ वळून पुढे केली.

"खेळा."

गणेशने तिची करंगळी पकडली. तिने मान खाली घातली आणि त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "मागच्या लग्नात त्याईनं मले जिंकू देलं होतं. तुम्ही नका देऊ."

मग त्याने दिलं नाही. करंगळी सुटली, मधली बोटं सुटली आणि सुपारी सतरंजीवर पडली. बायका हळहळल्या.

"लाज वाटू दे बे!" काका पुटपुटले.

आता गणेशची मूठ. पुष्पांजलीने दोन्ही हात लावले, नखं रुतवली. बांगडी फुटली, मनगटाला रक्त आलं, तरी मूठ सुटेना. ती हट्टाला पेटली होती आणि डोळे भरले होते. नवरी अडली की तिच्या बाजूच्या बायका मदतीला धावतात. तिच्या बाजूला कोणीच नव्हतं. सोडून दे, असं गणेशचं मन ओरडत होतं. पण तिने मागितलेली एकच गोष्ट ही होती, आणि त्याने दात आवळून मूठ आवळली.

"अंगठा धर पोरी, अंगठा!"

वच्छलाबाई खांब सोडून आल्या होत्या. धपकन पुष्पांजलीशेजारी बसल्या, पदर खोचला.

"बाई, तुम्ही कायले..." उत्तमराव म्हणाले.

"मी पोरीकडची हाव," त्या त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या आणि गणेशच्या मुठीला भिडल्या.

त्यांच्या हातात शेतात तण निंदणाऱ्या बाईचा जोर होता. गणेशने शर्थ केली, अगदी खरी. अंगठा उचकटला, बोटं उघडली, आणि पुष्पांजलीने सुपारी उचलून वर धरली. बायकांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी शिट्टी मारली. ती हसत होती, रडतही होती.

डाव संपला होता. तरी वच्छलाबाईंनी गणेशचा हात सोडला नाही. दोन्ही हातांत धरून त्याच्या उघड्या तळव्याकडे त्या नुसत्या बघत राहिल्या. काकांनी पंगतीला हाक दिली, माणसं उठू लागली. गणेशने हात ओढून घेतला नाही.