टाकीचे तीन पाय

मित्रांनो, मी एक जुनी तीन बाणांची निशाणी आहे. एक्स, वाय आणि झेड. देवरूखच्या एका कॉलेजात, संगणकाच्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात राहते. मुलं मला ‘कोंबडीचा पाय’ म्हणतात.

आलेखाच्या कागदावर तुम्ही मला भेटला आहात. पूल, टेबलं, इमारती, सगळं माझ्या काटकोनात बसायचं. “हिच्यावाचून काही हलत नाही,” असं सर म्हणायचे. मला ते खरं वाटलं.

मग स्वप्ना आली. तिच्या सखारामकाकांचं सावर्ड्याला पत्र्याचं काम आहे. त्यांना आंब्याचा रस तापवायची गोल टाकी करायची होती. पत्रा कापण्याआधी तो टिकेल का, हे स्वप्ना पडद्यावर बघत होती. टाकीचे हजारो लहान तुकडे करायचे, पाय कुठल्या दिशेला किती हलू शकतात ते सांगायचं, मग ताण बघायचा.

एक्स : शून्य.
वाय : शून्य.
झेड : शून्य.

टाकीचे तिन्ही पाय मी गच्च धरले. टाकी तापली. पायांजवळ लालच लाल, म्हणजे ताण हद्दीबाहेर.

स्वप्नाने फोन लावला. “काका, पत्रा फाटेल. जाड लागेल.”

“जाड पत्रा माझ्या मशीनवर वाकायचा नाय गो. काम जाईल कोल्हापूरला. पाय कसे धरलेस?”

“घट्ट. कुठेच हलत नाहीत.”

“अगो, मग फाटेल नायतर काय! पायाची बोल्टची भोकं आम्ही लांबट पाडतो, बाहेरच्या अंगाला. तापली की फुगते ती. तुला उकडलं तर तू दारंखिडक्या लावून बसशील?”

तिने माझा एक्स मोकळा केला. एक पाय त्याच दिशेत होता, तो सरकला. बाकीचे दोन तिरके. ते अडकलेलेच. मला तिरकं जाता येत नाही.

तेव्हा तिने *तिला* बोलावलं. दंडगोलीय. माझ्यासारखीच निशाणी, पण गोल वस्तूंसाठी, केंद्रातून बाहेर मोजणारी.

केंद्रापासून बाहेर : मोकळं.
गोल फिरणं : शून्य.
वर-खाली : शून्य.

खरं सांगू? लाल तसंच राहावं, असं मला वाटत होतं. काकांचं काम गेलं तरी चालेल, पण ती नको.

तिन्ही पाय एकदम बाहेर सरकले. लाल ओसरलं.

“कापा पत्रा, काका!”

मित्रांनो, कुणाला धरून ठेवण्याआधी तो तापल्यावर कुठे फुगतो ते बघा. मी बघितलं नव्हतं.

स्वप्नाने त्या दंडगोलीय निशाणीला नाव देऊन जपून ठेवलंय : ‘काका’. मला तिने अजून नाव दिलेलं नाही. पण त्या ‘काका’चं केंद्र माझ्याच शून्यावर बसवलंय. एवढं तरी स्वप्नाला कुणी सांगाल का?