निळ्या रंगाखालचं जस्त

ओहोटीने समुद्र दूर नेला होता. इतका दूर, की आडबंदरच्या खाडीच्या तोंडाशी नुसती वाळू उरली होती. ओली, रौप्यवर्णी, पहिल्या अरुणरेखेने किंचित लाजलेली वाळू. कार्तिकातलं आकाश निरभ्र होतं. खेकड्यांनी आपली पहाटेची नक्षी काढून ठेवली होती, आणि त्या नक्षीच्या मधोमध, एका कुशीवर कललेली, 'रोहिणी' टेकली होती.

नीलांगी, रक्तरेखांकित, पीतनयना रोहिणी! नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन पिवळे डोळे, काठाला तांबडी पट्टी, बाकी सारी निळी. सगुणा खवणेकर दरवर्षी नारळी पुनवेआधी ही होडी स्वतःच्या हाताने रंगवी. रंगाच्या बाबतीत तिचा हात फार सढळ. गावातल्या बायका म्हणत, श्रावणात सगुणेसमोर फार वेळ उभं राहू नये, ती आपल्यालाही एक हात मारील.

होडी तिच्या नवऱ्याची, आत्मारामाची. चाळीस वर्षं त्याने या खाडीवर माणसं पैलपार केली. तीन वर्षांपूर्वी झटका आला आणि त्याचा डावा हात लुळा पडला. एका हाताने, ओढत्या पाण्यात, होडी धक्क्याला लावायची कशी? तेव्हा मागच्या बाजूला, पाण्याखाली, बसवला एक आडवा पंखा. दुकानदार त्याला थ्रस्टर म्हणे. आडबंदर त्याला शेपूट म्हणे. अंगठ्याने बटण दाबावं, आणि होडीची पाठ अलगद, डौलाने, धक्क्याकडे सरकावी. त्या शेपटाने आत्मारामाला पुन्हा पाण्यावर आणलं होतं.

तो लुळा हात मात्र चारचौघांत दिसू नये म्हणून सगुणा त्यावर पंचा टाकून ठेवी. उतारू चढला की आधी पंचा सारखा करी, मग 'बसा' म्हणे.

दिवाळीपासून शेपूट बोलू लागलं. आधी घरघर, मग खरखर. आणि गेल्या शनिवारी, ऐन धक्क्याशी, एक किंकाळी फोडून ते गप्पच झालं. ओहोटीने होडीची पाठ दगडांवर नेऊन आपटली. आतल्या दोन शिक्षिका ओरडल्या. पुतण्या रमाकांत धक्क्यावरच होता. काकाचा उतरलेला चेहरा पाहून त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"काकानू, आता पुरे," तो म्हणाला. "अवसेक दुपारच्या भरतीक मी होडी घेवन जातंय. तुमी घराकडे रवा."

"तवसर शेपूट बरा झाला तर?" आत्मारामाने विचारलं.

"तर मी एक शब्द बोलूचंय नाय."

ती अवस आज होती. रात्रीच्या भरतीने रोहिणीला वाळूवर ठेवलं होतं. दुपारची भरती तिला उचलणार होती. मधली वेळ एवढीच त्यांची. ओसरीवर बसून दुसऱ्याच्या हातातली आपली होडी बघायची, या विचाराने आत्मारामाला आठ दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. सगुणेला भीती वाटत होती. पण तिचा स्वभावच असा, की भीती वाटली तरी तिच्याआधी प्रश्न पडत. आवाज राहतो कुठे? मुळात कशाचा आहे तो?

तिने एक वेळूची काठी घेतली. एक टोक आतल्या मोटारीवर, दुसरं आपल्या कानाला. आत्मारामाने बटण क्षणभरच दाबलं; अडलेलं शेपूट कसंबसं फिरलं. पाण्यावाचून फिरणं शेपटाला सोसत नाही.

"काय आयकाक येता गो?"

"मधमाशी."

म्हणजे मोटार निर्दोष होती. तिचं गाणं स्वच्छ, सलग, सुरेल होतं. सगुणा होडीबाहेर उतरली, ओल्या वाळूत गुडघे टेकले, आणि काठीचं टोक पंख्याच्या दांड्यापाशी लावलं.

"आनी थंय?"

"हय कोणतरी वाळू चावता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चोराचं घर सापडलं होतं.

पंख्याला शिंपले चिकटले होते. तिने ते खरवडले. आवाज त्यांचा नव्हता. जाळ्याचा दोरा गुंतला असेल म्हणून पाहिलं; दोरा नव्हता. स्क्रू घट्ट होते. मग आत्मारामाने सांगितलं तसं तिने खालचं बूच काढलं. मधासारखं तेल यायला हवं होतं. आलं दुधी, फेसाळ, पाण्याने नासलेलं तेल. ते थेंब थेंब वाळूवर पडत राहिलं, आणि दूर समुद्राने कूस बदलली.

पाणी आत शिरलं होतं, बेअरिंग गंजलं होतं, एवढं कळलं. पण शिरलं कुठून? तिने पंखा उतरवला, रबरी सील काढलं. दांड्याच्या गळ्याशी, जिथे सील बसतं तिथेच, धातूला बारीक बारीक खड्डे पडले होते. मिठाने तो अगदी नेम धरून खाल्ला होता.

आणि पंख्याआधी त्याच दांड्याच्या टोकावरून काढलेला एक छोटा गोळा वाळूवर पडला होता. गुळगुळीत, गोल, निळा, नव्यासारखा. आजूबाजूचं सारं झिजलं असताना हाच एवढा धडधाकट कसा? सगुणेला राहवेना. तिने कोयतीच्या टोकाने तो खरवडला. एक निळा थर गेला, दुसरा निळा थर गेला, आणि खाली राखी जस्त दिसलं, कोरं करकरीत.

"ह्यो गोळो कित्याक असता?"

"मिठाक कायतरी खावक व्हया," आत्माराम म्हणाला. "ह्येका खाता, म्हणान बाकीच्याक सोडता. दर वर्सा तो झिजान जावक व्हयो."

सगुणेने कोयती खाली ठेवली. निळ्या रंगाची एक साल तिच्या बोटाला चिकटली होती.

"मी रंगयलंय," ती म्हणाली. "दोन वर्सां. बरो दिसाक नाय म्हणान."

तिला रडू आलं, आणि ती रडली. ज्या हातांनी ही होडी सजवली, त्याच हातांनी नवऱ्याचं पाणी तोडलं होतं, हे तिला सहन होईना. आत्माराम तिच्याकडे पाहत राहिला, आणि मग आठ दिवसांत पहिल्यांदाच हसला. पोट धरून, एका हाताने, मोठमोठ्याने हसला.

"बरा झाला, माका नाय रंगयलंस!"

मग तीन हात कामाला लागले. दोन तिचे, एक त्याचा. यंत्रासोबत आलेली सुट्या भागांची डबी ट्रंकेत तशीच होती. नवं सील, नवं बेअरिंग, राखी गोळा. तिने पॉलिश पेपरने दांड्याचा गळा घासला, घासला, घासतच राहिली, बोटाला खड्डा लागेनासा होईपर्यंत. पुसायला स्वच्छ कापड हवं होतं. इकडेतिकडे पाहिलं, आणि तिने आत्मारामाच्या हातावरचा पंचाच ओढून घेतला. बेअरिंग लाकडी ठोकळ्याने ठोकून बसवलं. नवं तेल भरलं. पाणी आलं होतं. आधी टाचांशी, मग घोट्याशी, मग गुडघ्याशी. नवा गोळा आवळताना सवयीने तिची नजर होडीतल्या निळ्या रंगाच्या डब्याकडे गेली.

"झिजाक देवचा त्येका," आत्माराम हळूच म्हणाला.

"देतंय," ती म्हणाली.

मध्यान्हीला समुद्राने रोहिणीला उचललं. धक्क्यावर रमाकांत उभा होता, आणि पलीकडे जाणारी पाचसहा माणसं. होडी आली. अंगठ्याने बटण दाबलं. निळी पाठ वळली, सरकली, टेकली, आणि आवाज? पाणी दगडाला लागतं तेवढाच. रमाकांतने वाकून दोर धरला आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे एक अक्षर बोलला नाही. त्याचा चेहरा मात्र खुलला होता.

माणसं चढू लागली. सगुणेने पंचा शोधला. तो तेलाने काळा झालेला, तिच्याच खांद्यावर. आत्मारामाचा डावा हात त्याच्या मांडीवर उघडा पडला होता, भर उन्हात, भर माणसांत, कृश, वाकडा, शांत.

"बसा," ती म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.

रोहिणी निघाली. वर निळी झळाळी, वर तांबडी रेषा, वर दोन पिवळे टक्क डोळे; आणि खाली, हिरव्या पाण्यात, तो राखी, कुरूप, उघडा गोळा, कणाकणाने झिजत, हळूहळू, हळूहळू, न बोलता.