लेवीआच्या गळ्यातलं झाकण

गुरुवारी सकाळी लेमाराची आई चुलीच्या झोपडीत कंद किसत बसली होती आणि लेमारा दारात चटई टाकून आपली सराव-पाठांची फाइल सजवत होती. किसलेल्या कंदाचा लापलाप पानात शिजायला दुपार होणार होती. फाइलीला एवढी सवड नव्हती. उद्याच्या बोटीने ती राजधानीच्या अध्यापक विद्यालयात पोचली नाही, तर दोन वर्षांचं शिक्षण वाया जाणार होतं.

फाइलीत पाठ टाचणं होती, तक्ते होते, मुलांच्या वह्यांचे नमुने होते आणि शेवटी चिंतनाची पानं. त्यातल्या नवव्या पानावर छापलेलंच होतं : ‘माझा बिघडलेला पाठ. काय घडलं? मला काय कळलं? पुन्हा वेळ आली तर मी काय करीन?’ प्रत्येक पानाखाली मुख्याध्यापकांची सही लागत होती. लेमाराने हिरव्या शाईने छान चौकट आखून लिहिलं होतं की, सोमवारी शिकवताना वाऱ्याने नकाशा पडला, मुलं हसली, यापुढे मी चार टाचण्या लावीन.

“वाच की मोठ्यानं,” आई म्हणाली. लेमाराने वाचलं.

“चांगलंय. खरं वाटतं अगदी.”

“खरंच आहे, आई. नकाशा पडला होता.”

“मग तोंड का असं पाडून बसलीयस?”

नकाशा पडला तो सोमवारी. पाठ बिघडला तो त्याच आठवड्यातल्या बुधवारी, आणि त्याला आता चार आठवडे झाले होते.

“तारीची पोरगी अजून बोलत नाही म्हणे,” आई कीस पानावर पसरत म्हणाली. “बापानं सुनावलं ना तिला! शाळा हाकेवर असताना तू तिथं कुणाला सांगितलं नाहीस, डोंगर चढून माझ्याकडे कशाला आलीस, म्हणून. तेव्हापासून तोंडाला कुलूप. बिचारी, घाबरली असेल त्या वेळी. लहान पोरांना कुठलं सुचतंय!”

लेमाराच्या हातातलं पेन तिथेच थांबलं. बापाने सुनावल्याची ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती.

त्यांच्या शाळेत एक झाकण होतं. दुधाच्या पावडरीच्या डब्याचं, गंजलेलं, दोरीत ओवलेलं. शाळेच्या आवारात जो इंग्रजी सोडून घरची भाषा बोलेल त्याच्या गळ्यात ते पडायचं. दुसरा कोणी बोलताना सापडला, की आपल्या हाताने त्याच्या गळ्यात घालायचं आणि मोकळं व्हायचं. तोवर सुटका नाही. लेमाराच्या आजोबांनी ते घातलं, आईने घातलं, लेमाराने तर चौथीत अख्खं सत्र वागवलं. गावाला यात काही वावगं दिसत नव्हतं. मोठेपणी लग्नाच्या जेवणात त्यावरून थट्टा चालायची. जिने अंगाई म्हणून झोपवलं तिच्याच भाषेची लाज बाळगायची, आणि त्याला शिस्त म्हणायचं! असल्या शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांची जगात कधी वाण पडलेली नाही.

त्या बुधवारी मुख्याध्यापक काल्सोंग सर तपासणीचा कागद घेऊन मागच्या बाकावर बसले होते. ते लेमाराच्या वडिलांचे धाकटे भाऊ. गावाच्या रीतीने काकाही बापच, म्हणून वडील गेल्यावर ती त्यांनाच बाबा म्हणत आली होती. कागदावर शिस्तीला वेगळे गुण होते. म्हणून लेमाराने सकाळीच तारीच्या थोरल्या मुलीला, तिसरीतल्या नऊ वर्षांच्या लेवीआला, घरच्या भाषेत कुजबुजताना पकडलं आणि सरांच्या देखत तिच्या गळ्यात झाकण घातलं. पुढे लेवीआ धाकट्या बहिणीला, पहिलीतल्या रुतीला, लघवीला घेऊन गेली. थोड्या वेळाने ती एकटीच दारात आली. धापा टाकत होती.

“मिस, रुती—” ती घरच्या भाषेत म्हणाली.

लेमाराने हात वर केला. मागे सरांची पेन्सिल कागदावर टेकली होती.

“इंग्रजीत, लेवीआ.”

पोरीचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तिच्यापाशी इंग्रजीचं एकच वाक्य धड होतं. “प्लीज मिस, मे आय गो आउट?”

“तू बाहेरच आहेस की!” लेमारा म्हणाली. वर्ग खो खो हसला. लेमाराही हसली. लेवीआने झाकण मुठीत घट्ट धरलं आणि ती पळाली.

ती पळाली ती थेट डोंगरावर, बापाच्या मळ्यात. तारी धावत खाली आला तेव्हा शाळेमागच्या संडासाच्या नव्या खड्ड्यात, साचलेल्या पावसाच्या पाण्यावर, रुतीचा पिवळा फ्रॉक दिसत होता. वर्गाच्या दारापासून तो खड्डा चाळीस पावलांवर होता. खड्डा खणला होता तारीनेच, आणि त्यावरच्या दोन फळ्या रविवारी खोबरं वाळवायला घरी नेल्या होत्या त्याही तारीनेच.

मग गावाच्या बैठकघरात समेट झाला. शाळा समितीने चटया पसरल्या, कंद मांडले, डुक्कर दिलं, कावा या मुळांच्या पेयाची वाटी फिरली. दोष फळ्यांना देऊन झाला. एकदा चटया पसरल्या की तो विषय कुणी पुन्हा काढायचा नाही, असा रिवाज आहे. लेमाराला त्या दिवशी हायसं वाटलं होतं. आज तिला त्या हायसं वाटण्याचीच किळस आली.

तिने नववं पान फाडलं आणि तेच प्रश्न उतरवून साध्या निळ्या शाईने नवं लिहायला घेतलं.

दुपारी काल्सोंग सर सह्या करायला आले. आईने पुढे केलेला लापलाप खात खात त्यांनी आठ पानांवर सह्या ठोकल्या. नवव्या पानाशी त्यांचा हात थांबला.

“हे काय काढलंस आता?”

“पान बदललंय, बाबा.”

“दिसतंय मला. यावर मी सही करू?”

“तुमचं नाव कुठंच घातलेलं नाही. माझंच आहे.”

“झाकणाचं आहे ना! अगं, ते झाकण गळ्यात होतं म्हणून मी हेडमास्तर झालो. नाहीतर बसलो असतो गळ टाकत.”

“लेमारा, पुरे,” आई मध्ये पडली. “चटया पसरल्यात. संपलं ते.”

“चटया खड्ड्यासाठी पसरल्या, आई. झाकणासाठी कुणी पसरल्या? बाप समजतो रुतीला आपण मारलं, आणि पोरीला वाटतं तिनं मारलं. आणि मी चार टाचण्या लावते!” लेमाराला रडू फुटलं.

सरांनी हातातला लापलाप खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, “रुतीचं नाव मीही ऐकलं होतं त्या दिवशी.”

“मग?”

“मग काय? म्हणूनच सांगतो, लिहू नको. सहीशिवाय फाइल घेणार नाहीत ते. घरी बसशील.”

ते उठले. नववं पान सहीविना राहिलं, आणि सर जाताना आईने त्यांना नेहमीसारखी पानात बांधलेली शिदोरीही दिली नाही.

संध्याकाळी तारी आपल्या घरासमोर बसला होता. त्या दोन फळ्या त्याने समोर आणून टाकल्या होत्या. लेमारा मुद्दाम शाळेचा, शिक्षिकेचा गणवेश घालून आली आणि त्याच्यापुढे मातीत बसली. पान इंग्रजीत होतं. तिने ते एकेक वाक्य घरच्या भाषेत करून वाचलं. आपण हात वर केला ते, आपण हसलो तेही.

“म्हणजे ती आधी तुझ्याकडे आली होती?” तारीने विचारलं.

“हो.”

“आपल्या भाषेत बोलली?”

“हो, दादा. मला सगळं कळत होतं. एवढंसं थांबले असते तर पुढचंही कळलं असतं.”

तारीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “आणि मी तिला... शाळेत का नाही सांगितलंस, असं मी विचारलं गं तिला!” त्याच्याने पुढे बोलवेना. लेमाराला वाटलं, याने आपल्याला मारावं. त्याने मारलं नाही. तो लहान मुलासारखा रडत राहिला.

घराच्या कोपऱ्याशी लेवीआ येऊन उभी होती. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. गळ्यात ते झाकण तसंच होतं.

“काढू देत नाही,” तारी डोळे पुसत म्हणाला. “झोपेत हात लावला तरी चावते.”

लेवीआ लेमाराजवळ आली. तिने तिच्या गणवेशाकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. मिस शाळेच्या कपड्यात घरची भाषा बोलताना सापडल्या होत्या. नियम म्हणजे नियम. तिने स्वतःच्या गळ्यातली दोरी काढली आणि लेमाराच्या गळ्यात घातली. आणि मग तिचं तोंड उघडलं.

“मिस, रुती खड्ड्यात पडलीये,” ती आपल्या भाषेत म्हणाली. “लवकर चला.”

लेमाराने तिला छातीशी धरलं. जायला आता कुठेच नव्हतं.

शुक्रवारची बोट लेमाराने पकडली. आईने लापलापची पुडी हातात दिली आणि तिच्या गळ्यातल्या झाकणाची दोरी नीट केली. फाइल परत फिरवतील हे लेमाराला पक्कं ठाऊक होतं. तरी नवव्या पानावरचा शेवटचा प्रश्न अजून रिकामा होता, आणि रिकाम्या जागेची फाइल तिला द्यायची नव्हती. ‘पुन्हा वेळ आली तर मी काय करीन?’ मांडीवर फाइल धरून तिने लिहिलं :

‘पुन्हा वेळ येत नाही. दुसरं मूल येतं, धापा टाकत, आपल्या आईच्या भाषेत. मी खडू टाकून त्याच्यामागे धावेन. हे झाकण माझ्या गळ्यात आहे. माझ्यानंतर ते कुणाच्याही गळ्यात जाणार नाही.’