ताज्या थेंबातली हालचाल

मित्रांनो, रुग्णालयाच्या तपासणीखोलीत, खिडकीलगतच्या टेबलावर ठेवलेला जुना सूक्ष्मदर्शक तो मीच. माझ्या भिंगांची वीस वर्षे वाहवा झाली. मग नवे स्वयंचलित यंत्र आले आणि माझ्यावर खोळ चढली.

एका दुपारी ताईंनी ती ओढून काढली. ताई म्हणजे इथल्या तपासनीस. दहा वर्षांची एक मुलगी तापाने फणफणली होती, तिची मान ताठरली होती. औषधांनी उतार पडत नव्हता. तिच्या पाठीच्या कण्यातले पाणी तपासून नव्या यंत्राने 'पांढऱ्या पेशी वाढल्या' एवढेच सांगितले आणि हात झटकले.

दारात तिची आई उभी होती. ताईंनी विचारले, "इतक्यात कुठे पोहायला गेली होती का?"

"खाणीतल्या तळ्यात. पण एक घोटही प्यायली नाही हो ती. सूर मारला तेव्हा नाकात गेलं, तेवढंच."

ताई शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे वळल्या. "नाकातून मेंदूत शिरणारा अमीबा असेल. नमुना फ्रीजमध्ये नको. गार झाला की अमीबा हलायचा थांबतो."

"इतका दुर्मीळ आजार, ताई?"

"नसला तर सुटलो. बघायला काय जातंय?"

ताजा थेंब माझ्याखाली आला. गोल गोल पेशी, सगळ्या सारख्या. ताईंची नजर पुढे पुढे सरकत होती. तेवढ्यात कडेच्या एका पेशीने हळूच पायासारखा कोंब बाहेर काढला. मला दिसत होते, पण मला तोंड कुठे आहे? ताई पुढे गेल्या. माझा जीव नुसता टांगणीला. मग त्या थांबल्या, मागे आल्या.

"सरकतोय हा," त्या म्हणाल्या. "बघा."

डॉक्टरांनी पाहिले आणि ते धावतच गेले. औषध दुसऱ्या शहरातून आले. नऊ दिवस मुलगी शुद्धीवर नव्हती. दार वाजले की मी धास्तावायचो.

दोन महिन्यांनी ती चाकांच्या खुर्चीतून आली. उजवा हात उचलला जात नव्हता, म्हणून तिने डाव्या हाताने माझे चाक फिरवले.

"असा दिसतो होय तो?" ताईंनी दाखवलेली जुनी काचपट्टी पाहून ती म्हणाली. "एवढासा तर आहे."

मित्रांनो, ती वाचली, पण या आजारातून फार थोडे वाचतात. म्हणून माझा घोर जात नाही. कोमट, साचलेल्या पाण्यात सूर मारू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. आणि पोहून आल्यावर काही दिवसांत डोके असह्य दुखले, ताप चढला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. कुठे पोहलात, ते तुम्हीच आधी सांगा.