पीळ पडलेला दरवाजा

मी बंद असतो तेव्हा माझा वरचा कोपरा चौकटीच्या नऊ मिलिमीटर पुढे येतो. खालचा कोपरा मात्र चौकटीला घट्ट चिकटतो. वरच्या फटीत पेन्सिल सहज जाते, खाली पोस्टकार्डही सरकत नाही. मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी या नऊ मिलिमीटरमध्येच आहे.

मी एक जुना दरवाजा आहे. बैठकीची खोली आणि झोपायची खोली यांच्या मध्ये गेली एकतीस वर्षे उभा आहे. मला घडवले ते याच घरातल्या सुताराने. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. त्यांची बायको एरवी 'अहो' म्हणते, पण रागावली की तीही 'मिस्त्री' म्हणते.

तेव्हा त्यांचे लग्न नुकतेच झाले होते आणि घर नवे होते. बायकोचा भाऊही सुतारच. दोघांनी काम वाटून घेतले. चौकट मेहुण्याने करायची, दरवाजा मिस्त्रींनी. चौकट उभी राहिली. मी अजून फळ्यांच्या रूपात भिंतीला टेकून होतो. मेहुण्याने माझी एक फळी दोन्ही हातांनी तोलली आणि तो म्हणाला, "दाजी, लाकूड अजून ओलं आहे. दोन महिने सावलीत राहू दे, नाहीतर पीळ पडेल."

"पीळ तुझ्या मिशीला पडेल," मिस्त्री हसून म्हणाले. "माझ्या हातच्या दाराला नाही."

अकरा दिवसांत मी तयार झालो. काय कौतुक झाले माझे! येणारा प्रत्येक पाहुणा माझ्यावर टकटक करायचा आणि म्हणायचा, "भरीव आहे हो!" मी मनातल्या मनात फुगायचो. पुढे दमट हवेत खरोखरच फुगू लागलो, तेव्हा मात्र कोणी कौतुक केले नाही.

वर्षभरात मी अडकू लागलो. मिस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि निकाल दिला, "चौकट वाकडी आहे."

"चौकट ओळंबा धरून लावलीय, दाजी," मेहुणा म्हणाला. "दाराला विचारा."

मला कोणी विचारले नाही. शब्दाने शब्द वाढला. मेहुण्याने आपला रंधा पिशवीत टाकला आणि तो निघून गेला. "दाजी स्वतः बोलावतील तेव्हाच वर येईन," असे बहिणीला सांगून गेला. तेव्हापासून तो तिला भेटायला येतो, पण जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंतच. ती डबा घेऊन खाली जाते आणि तो उभ्याउभ्याच खातो.

इकडे मिस्त्री दर वर्षी रंधा काढायचे आणि चौकट तासायचे. मला हात लावणे म्हणजे हार मानणे! त्या बिचाऱ्या चौकटीची एक बाजू आता लांबलेल्या आजारातून उठल्यासारखी दिसते. माझ्याकडेही कोणी बघेनासे झाले. पाठीवर ओले टॉवेल आले. बिजागऱ्या कुरकुरतात, पण सुताराच्या घरात त्यांना थेंबभर तेल मिळत नाही.

आता गेल्या बुधवारची गोष्ट. सकाळी बायको म्हणाली, "अहो, दादा रविवारी जातोय. मुलाकडे, परगावी, कायमचा. त्याआधी एकदा त्याला जेवायला बोलवा. तुमच्या तोंडून."

"बघू."

"तीस वर्षं 'बघू'च ऐकतेय. एवढं बघून तुमच्या डोळ्यांना चष्मा कसा लागला नाही?"

मिस्त्री झोपायच्या खोलीत गेले आणि मला मागे ओढून घेऊ लागले. मी अर्ध्यावर अडकलो. ते कंबरेत वाकले, अंग पिळून त्यांनी मला जोरात हिसडा दिला. मी हललो. त्यांच्या कंबरेतही काहीतरी हलले.

"आई गं!"

उसण भरली होती. मिस्त्री कामात काटकोनाचे फार आग्रही. आता ते स्वतःच काटकोनात उभे होते.

बायको आणि मुलगी धावत आल्या. मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. "बाबा, गादीवर पडा," ती म्हणाली.

"गादी नको. कंबरेला कडक लागतं. फळी आण."

घरात तेवढी मोठी फळी नव्हती. मिस्त्रींची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"बाबा, दारावर झोपणार?"

"घरातली सगळ्यात सपाट वस्तू आहे ती."

मुलीने बिजागऱ्यांतून मला सोडवले आणि मायलेकींनी मला बैठकीच्या खोलीत फरशीवर ठेवले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी आडवा झालो! आडवे होण्यात एवढे सुख असते, हे मला कोणीच सांगितले नव्हते. छतावर एक कोळी राहतो हेही मला तेव्हाच कळले. मग मिस्त्री कण्हत माझ्यावर निजले आणि माझा एक कोपरा फरशीवर आपटला.

टक.

त्यांनी कूस बदलली. टक.

"फरशी वाकडी आहे," मिस्त्री म्हणाले.

वरच्या मजल्यावर एक परिचारिका राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. बायकोने त्यांना बोलावून आणले. त्यांनी आधी विचारले, पायाला मुंग्या येतात का, पाय बधिर वाटतात का, ताप आहे का, लघवीला काही अडचण आहे का. सगळ्याला उत्तर 'नाही' आले.

"मग घाबरू नका. पण तुम्ही दारावर का झोपलाय?"

"कंबरेला कडक लागतं. सगळे सांगतात."

"त्या सगळ्यांना पाठवून द्या माझ्याकडे," सिस्टर म्हणाल्या. "आपली नेहमीची गादी पुरे. गुडघ्यांखाली उशी घ्या. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेका. आणि दिवसभर पडून राहायचं नाही. तासा-तासाने उठून घरातल्या घरात चार पावलं चालायचं. उठताना आधी कुशीवर वळा, मग हातांवर जोर द्या. वजन उचलायचं नाही. पाय बधिर झाले किंवा लघवी अडली तर मात्र घरी थांबू नका, थेट हॉस्पिटल."

मिस्त्रींनी सगळे मान्य केले, फक्त गादी सोडून. "दार राहील," ते म्हणाले.

मग काय! दर तासाला मिस्त्री चार पावले चालत आणि तेवढ्यात मायलेकी मला सरळ फरशीच्या शोधात नेत. स्वयंपाकघरात ठेवले. टक. मागच्या गॅलरीत ठेवले. टक.

"या घरातली एक फरशी धड नाही," मिस्त्री म्हणाले.

वाजणाऱ्या कोपऱ्यावर मुलीने बैठकीतच खडूने फुली केली होती. आता ती वडिलांशेजारी बसली. "बाबा, तीन जागा, तीन फरश्या. वाजतो तो कोपरा एकच. फुलीवाला. काय बदललं आणि काय तसंच राहिलं, सांगा."

"मी काय तुझ्या वर्गात बसलोय?"

"बसता येत नाहीये ना, मग झोपून शिका."

"पाणसळ आण माझी."

तिने पाणसळ आणून फरशीवर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. मिस्त्रींनी मान तिरपी करून तो बराच वेळ पाहिला.

"पाणसळ जुनी झालीय."

"चौकट वाकडी, फरशी वाकडी, पाणसळ वाकडी," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "सरळ काय उरलं, तेवढं सांगा, मिस्त्री."

टक.

दुपारी सगळ्यांची नजर चुकवून त्यांनी गादी गाठली. गुडघ्यांखाली उशी, कंबरेखाली गरम पिशवी. अर्ध्या तासात घोरू लागले. मायलेकींनी मला परत बैठकीत आणले आणि मी भिंतीलगत पडून राहिलो. घरातले मला ओलांडून ये-जा करू लागले. पण माझी जागा रिकामी होती, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

शुक्रवारी बायकोने भावाला फोन केला. मिस्त्री आत पडले होते, जागे होते. "नाही रे दादा, ते नाही बोलावणार," ती हळू आवाजात म्हणाली. "तू रविवारी स्टेशनवर जाताना खाली थांब. मीच येते पायरीवर. चांगलं पोटभर करून आणते. या वेळी मीही तुझ्याबरोबर तिथेच जेवेन." मग ती हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज फुटला.

मित्रांनो, असे फोन मी तीस वर्षे ऐकत आलो. ते माझ्यावर येऊन थांबायचे, आत जायचे नाहीत. त्या दिवशी मध्ये मी नव्हतो.

शनिवारी सकाळी मिस्त्री उठले. आधी कुशीवर वळले, मग हातांवर जोर दिला, अगदी सांगितल्याप्रमाणे. दुखणे बरेच ओसरले होते. ते माझ्याजवळ आले, गुडघ्यात वाकून खाली बसले आणि हत्यारांच्या पिशवीतून सूत काढले. माझ्या चार कोपऱ्यांवर त्यांनी दोन सुते तिरकी ताणली. फळी सपाट असेल तर अशी सुते मधोमध एकमेकांना टेकतात. माझ्यावर ती टेकली नाहीत. मध्ये काडेपेटीची काडी सहज गेली असती. मिस्त्रींनी ती घालूनही पाहिली.

मला वाटले, आता माझी चुलीत रवानगी. पण त्यांनी माझ्या फुलीवरून अंगठा फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुरकुरणाऱ्या बिजागरीला वेळेवर तेल घाला. अडकलेल्या दाराला हिसडा देऊ नका. आणि कधी काही अडलेच, तर चौकट तासण्याआधी एकदा दाराकडेही बघा.

"फोन दे," मिस्त्री मुलीला म्हणाले. "मामाला लाव."

तिने फोन लावून दिला. बायको ओल्या हातांनी तशीच बाहेर आली आणि माझ्या रिकाम्या चौकटीत उभी राहिली.

"मी बोलतोय. दाजी. हां, कंबर बरी आहे. ऐक. लाकूड ओलं होतं, तू सांगितलं होतंस. दार बसवायचंय आणि मला वजन उचलायला मनाई आहे. दुपारी जेवायला ये. वर ये, घरात. आणि येताना तुझा रंधा आण. चौकट सरळ आहे. दार माझं वाकडं आहे."